सोलापुरातून स्टेप १ देणाऱ्यासाठी: एवढंच घे, बाकीचं राहू दे

अरे, तुझा मेसेज सगळा वाचला. इंटर्नशिप चालू आहे, सिव्हिलला ड्युट्या, वर्षभरात यूएसएमएलई (अमेरिकेत डॉक्टरकी करायला लागणारी परीक्षा) स्टेप १ द्यायचीय, आणि सीनियर, बॅचमेट, टेलिग्राम असं सगळीकडून इतकं मटेरियल जमलंय की कुठून सुरू करू तेच कळेना, असं म्हणालास. मी पण व्हीएमचीच (आपलं सोलापूरचं सरकारी मेडिकल कॉलेज), आता ओहायोत इंटरनल मेडिसिनला आहे, आपल्याकडची पोरं हेच विचारतात म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

यूवर्ल्ड, म्हणजे तो ऑनलाइन प्रश्नसंच (क्यूबँक), हेच तुझं मुख्य पुस्तक धर. लै जण काय करतात, आधी सगळं वाचून काढू आणि मग शेवटच्या दोन महिन्यात क्यूबँक, आणि ते वाचणंच कधी संपत नाही. तसं नको करूस. एक सिस्टिम (हृदय, किडनी असा एकेक भाग) व्हिडिओतून चाळून झाली की लगेच तिचे ४० प्रश्नांचे ब्लॉक सोडवायला घे, टायमर लावून, प्रश्नाला साधारण दीड मिनिट. ब्लॉकला तास लागतो आणि तो तपासायला तीन-चार तास जातात, जाऊ देत, खरा अभ्यास तिथंच होतो. बरोबर आलेला प्रश्न पण उघड, उरलेले पर्याय का नाहीत ते बघ आणि प्रश्नात काय बदललं असतं तर तो दुसरा पर्याय बरोबर ठरला असता हे स्वतःला विचार. म्हणजे बघ, पोराचा घसा दुखून दोनेक आठवडे झाले, आता लघवी कोकसारखी होतेय आणि रक्तातलं सी३ (कॉम्प्लिमेंट प्रोटीन) कमी, तर पोस्ट स्ट्रेप, म्हणजे स्ट्रेप इन्फेक्शननंतरचा किडनीचा आजार. तीच लघवी सर्दी-घशाबरोबरच एक-दोन दिवसांत लाल झाली आणि सी३ नॉर्मल, तर आयजीए नेफ्रोपॅथी, किडनीचाच दुसरा आजार. असं केलंस की एका प्रश्नात तीन-चार प्रश्न सुटतात.

चुकलेल्याची एक वही ठेव, पण त्यात यूवर्ल्डचं स्पष्टीकरण उतरवत बसू नकोस, फक्त का चुकलं ते एका ओळीत लिही. माहितीच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, की प्रश्न नीट वाचला नाही? माहीत नव्हतं तर पॅथोमाकडे (पॅथॉलॉजीचे व्हिडिओ आणि पुस्तक) किंवा फर्स्ट एड या उजळणीच्या पुस्तकातल्या त्या पानाकडे जा, आठवलं नसेल तर अँकी या फ्लॅशकार्डच्या ॲपमधलं कार्ड, आणि वाचण्यात घोळ होत असेल तर आधी शेवटची ओळ वाचून मग वर जायची सवय लाव.

बाकी मग थोडंच लागतं. पॅथोमा पूर्ण कर, पहिली तीन प्रकरणं तर दोनदा कर, सेल इंज्युरी, इन्फ्लमेशन, निओप्लेझिया हे पक्कं असलं की पुढचं पॅथॉलॉजी आपोआप लागतं. फर्स्ट एड पाठ करायला घेऊ नकोस, ती यादी आहे, आधी समजलेलं आठवायला चांगली, नवीन शिकायला नाही. मायक्रोबायोलॉजीला स्केची (चित्रांतून शिकवणारे व्हिडिओ), चित्रं लक्षात राहत असतील तरच. फिजिऑलॉजी कच्चं असेल तर बोर्ड्स अँड बियाँडचे व्हिडिओ, तेही कच्च्या सिस्टिमपुरतं. अँकीत तो तयार मोठा डेक घेतलास तर सगळी कार्डं सस्पेंड करून ठेव आणि चुकलेल्या विषयाचीच उघडत जा, नाहीतर ड्युटीवरून आल्यावर हजार कार्डं तुंबलेली दिसली की माणूस ॲपच उघडत नाही. कोचिंग मला तरी गरजेचं वाटत नाही, तो पैसा यूवर्ल्डला आणि एनबीएमईच्या (परीक्षा काढणारी संस्था) सराव परीक्षांना ठेव.

आता जे कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेलं नसतं ते. सिव्हिलला आपण जे बघतो ते सोनं आहे, मी आजही त्यावर जगते, पण ही परीक्षा अमेरिकेतल्या पेशंटची आहे. खोकला, ताप, वजन कमी म्हटलं की आपल्या तोंडात टीबीच येतो. तिथं पेशंट ओहायो किंवा मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला आहे आणि गुहेत जाऊन आलाय तर हिस्टोप्लाझ्मा, ॲरिझोनाचा असेल तर कॉक्सी, दोन्ही फुफ्फुसात जाणाऱ्या बुरशी. गावाचं नाव उगाच दिलेलं नसतं.

आणि एथिक्स-कम्युनिकेशन, हे तर आपल्या पोरांना सगळ्यात अवघड जातं कारण आपण वॉर्डात बरोबर उलटं बघत मोठे झालोय. नातेवाईक बाहेर गाठून सांगतात, डॉक्टर, बाबांना कॅन्सरचं सांगू नका, आणि आपण मान डोलावतो. स्टेपमध्ये पेशंट शुद्धीत आहे, त्याला समजतंय, तर जाणून घ्यायचा हक्क त्याचा, म्हणून आधी त्यालाच विचारायचं की रिपोर्टबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय. नातेवाईकांना झिडकारायचं नाही, त्यांना कसली भीती वाटतेय ते ऐकायचं, पण निर्णय पेशंटचा. एथिक्स कमिटीला कळवा हा पर्याय बहुतेक वेळा चुकीचाच. तसंच भाषेचं. आपल्याकडे तेलुगू किंवा कन्नड बोलणारा पेशंट आला की सोबतचं कोणीतरी किंवा वॉर्डातल्या मावशी सांगतात आणि काम भागतं. तिथं मुलीकडून भाषांतर करून घेणं चुकीचं उत्तर, ट्रेन्ड मेडिकल इंटरप्रिटरच बोलवायचा, आणि बोलताना बघायचं पेशंटकडे, इंटरप्रिटरकडे नाही. यूवर्ल्डचे हे प्रश्न सुरुवातीपासून रोज थोडे करत जा, बायोस्टॅटचे (वैद्यकीय संख्याशास्त्र) पण.

तारीख घ्यायच्या आधी एनबीएमईच्या सेल्फ असेसमेंट दे, एकेक २०० प्रश्नांची असते, आणि शेवटच्या आठवड्यात फ्री १२०, म्हणजे यूएसएमएलईचे फुकट नमुना प्रश्न. जुळे सोलापूरच्या अभ्यासिकेत सकाळी एका बैठकीत बस, फोन घरी ठेवून, मधे चहाला उठायचं नाही, कारण खरी परीक्षा ८ तासांची, जास्तीत जास्त २८० प्रश्न. एका स्कोअरवर तारीख ठरवू नकोस, लागोपाठ दोन-तीन आरामात पासच्या वर आले की ठरव. २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप १ फक्त पास-फेल आहे, म्हणून पोरं हलक्यात घेतात. पण फेल कायम रेकॉर्डवर राहतं, एका स्टेपला एकूण ४ च अटेम्प्ट, आणि इथला पाया कच्चा राहिला की स्टेप २ सीके या पुढच्या क्लिनिकल परीक्षेला, जिथं आकडा येतो, तिथं ते दिसतं. सेंटर मुंबई किंवा हैदराबाद, आपल्याला दोन्ही गाडीने सोयीचं, एक दिवस आधी जाऊन रहा.

अजून एक, आणि हे मनापासून सांगते. टेलिग्रामवर रिकॉल म्हणून (परीक्षेत आलेले खरे प्रश्न) जे विकायलेत त्या ग्रुपमधून आजच बाहेर पड, फुकट असलं तरी. २०२४ च्या जानेवारीत नेपाळशी संबंधित कितीतरी परीक्षार्थींचे लागलेले निकाल यूएसएमएलईने रद्द केले. एवढ्या वर्षांची मेहनत असल्या पीडीएफपायी घालवू नकोस.

यूवर्ल्ड घेतलंस तरी लगेच चालू करू नकोस, ॲक्टिव्हेट केल्यापासून दिवस मोजले जातात. मेडिसिन आणि सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये पॅथोमा आणि व्हिडिओ संपव, हलकी पोस्टिंग लागली की मग सुरू कर. पहिल्या एनबीएमईचा रिपोर्ट आला की मला पाठव, कुठली सिस्टिम मागे पडलीय ते बघून पुढचे सहा आठवडे कसे लावायचे ते फोनवर बोलू.