वाचकांचे प्रश्न : चुकलेला रिव्हेट काढावा की राहू द्यावा?

किट आणून किंवा आराखड्यावरून स्वतःचे विमान बांधणाऱ्या वाचकांच्या पत्रांत रिव्हेटच्या चुकांविषयी बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतील चार या वेळी एकत्र घेतले आहेत. रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारी धातूची छोटी खीळ; तिचे एक डोके कारखान्यातून तयार येते, दुसरे छिद्रातून बाहेर आलेला दांडा ठोकून बनवावे लागते. सर्व उत्तरे ॲल्युमिनियमच्या पत्र्यात ठोकून बसवायच्या, ‘एडी’ या मिश्रधातूच्या भरीव रिव्हेटना धरून आहेत.

प्रश्न : शेपटीच्या आडव्या पंखाचा पत्रा बसवल्यावर आतून आरसा धरून पाहिले, तेव्हा काही रिव्हेटची आतली डोकी बुटकी तर काही एका बाजूला झुकलेली दिसली. आतला भाग अजून उघडा आहे. हे सगळे काढून पुन्हा बसवावेत का?

उत्तर : सगळे काढू नयेत, आणि कोणता काढायचा हे नजरेने न ठरवता मापाने ठरवावे. ठोकून तयार झालेल्या डोक्याचा व्यास दांड्याच्या व्यासाच्या सुमारे दीडपट आणि उंची सुमारे निम्मी असावी, असा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे एक अष्टमांश इंचाच्या, अर्थात ३.२ मिलिमीटरच्या, रिव्हेटचे डोके साधारण ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच हवे. तीन बत्तिसांश इंचाच्या, म्हणजे २.४ मिलिमीटरच्या, रिव्हेटसाठी हेच आकडे ३.६ आणि १.२ होतात. हे आदर्श माप झाले. किटच्या पुस्तिकेत स्वीकारार्ह मर्यादा याच्या थोडी अलीकडे-पलीकडे दिलेली असते, आणि त्या मर्यादेत बसणारा रिव्हेट दिसायला ओबडधोबड असला तरी तो आपले काम करतो. दोन्ही मापांच्या खाचा असलेले छोटे गेज हाताशी ठेवले, तर प्रत्येक डोक्याला व्हर्निअर लावत बसावे लागत नाही.

आपण ज्यांना बुटकी म्हणता ती डोकी खरोखर बुटकी आहेत की नुसती अरुंद, हे आधी पाहावे. डोके अरुंद असून अजून उंच असेल, तर रिव्हेट कमी ठोकला गेला आहे. तो काढण्याची गरज नाही, बकिंग बार (ठोकताना दांड्याच्या टोकाशी धरायचा जड धातूचा ठोकळा) नीट टेकवून आणखी एक-दोन छोटे ठोके दिले की तो मापात येतो. उलट डोके पसरून पापडासारखे चपटे झाले असेल, तर ते परत उभे करता येत नाही. शिवाय जास्त ठोकल्याने दांडा छिद्रात गरजेपेक्षा फुगतो आणि भोवतालचा पत्रा ताणला जातो. म्हणूनच ठोकताना जरा अलीकडे थांबून माप पाहण्याची सवय लावून घ्यावी. मात्र दुरुस्तीच्या नावाखाली हलके ठोके देत राहणेही योग्य नाही, कारण हा मिश्रधातू प्रत्येक ठोक्यागणिक कडक होत जातो आणि शेवटी डोक्याच्या कडेला चिरा पडतात.

झुकलेल्या डोक्यांच्या बाबतीत मी अधिक काटेकोर राहीन. डोके थोडे कलले असले, पण छिद्र सर्व बाजूंनी पूर्ण झाकले गेले असेल आणि सर्वांत कमी उंचीच्या बाजूलाही माप मर्यादेत असेल, तर तो राहू द्यावा. दांडा आडवा होऊन एका बाजूला छिद्राची कड उघडी पडली असेल, किंवा दोन पत्र्यांच्या मध्ये फट राहून दांडा त्या फटीतच फुगला असेल, तर मात्र तो काढलाच पाहिजे. फट आहे की नाही हे फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, कडेने सरकवून पाहावे, कारण आतल्या डोक्याचे माप अशा वेळी अगदी बरोबर येऊ शकते आणि माणूस फसतो.

एवढा आवर घालण्याचे कारण सांगतो. रिव्हेट पिशवीतून दुसरा घेता येतो, छिद्र दुसरे घेता येत नाही. प्रत्येक वेळी रिव्हेट काढताना छिद्र थोडे तरी मोठे होण्याची किंवा लांबट होण्याची शक्यता असते, आणि मापाच्या सीमेवर असलेला रिव्हेट काढून बिघडलेल्या छिद्रात नवा बसवला, तर सांधा आधीपेक्षा कमकुवत होतो. अनुभवी बांधणारे सीमेवरचा रिव्हेट सहसा हलवत नाहीत ते याच कारणाने.

प्रश्न : काढायचाच झाला, तर छिद्र न बिघडवता कसा काढावा? माझे ड्रिल डोक्यावरून घसरले आणि एक छिद्र लंबगोल झाले.

उत्तर : ड्रिल नेहमी कारखान्यातून आलेल्या डोक्यावर चालवावे, आपण ठोकून बनवलेल्या डोक्यावर नाही; ते छिद्राच्या मध्याशी जुळलेले असेलच असे नसते. ‘एडी’ रिव्हेटच्या मूळ डोक्यावर मधोमध एक बारीक खळगा असतो. ती धातूची ओळखखूण आहे, पण आपल्याला ती केंद्रबिंदू म्हणून आयतीच मिळते. ठोकताना ती पुसट झाली असेल, तर मागून आधार देऊन सेंटर पंचने हलकी खूण करावी. मग छिद्राच्याच मापाचे किंवा एक नंबर बारीक, नवी धार असलेले ड्रिल त्या खळग्यात टेकवून आधी चक हाताने दोन-चार वेळा फिरवावा. जो चकचकीत गोल उमटतो, तो डोक्याच्या मध्यावर आहे का ते भिंगातून पाहावे. तो बाजूला गेला असेल, तर ड्रिल तिरके धरून केंद्र ओढून घेण्याची संधी याच वेळी असते, पुढे नसते. एवढे झाल्यावरच मोटर सावकाश चालवावी आणि डोक्याच्या जाडीइतकेच खोल जावे. डोके सुटून ड्रिलबरोबर फिरू लागले, की लगेच थांबावे.

डोके आपोआप सुटले नाही, तर छिद्रात बसेल असा सरळ पिन पंच त्या खड्ड्यात घालून बाजूला कलवावा. डोके टचकन तुटून येते. छिन्नीने डोके कापू नये, कारण छिन्नीच्या एका फटक्यात छिद्र लांबट होते आणि पत्र्यावर ओरखडाही उमटतो. यानंतर दांडा बाहेर ढकलताना आतल्या बाजूला भोक असलेला लाकडी ठोकळा किंवा तसाच बकिंग बार घट्ट धरलेला हवा. पातळ फासळीची पट्टी वाकते ती या आधाराच्या अभावी, आणि वाकलेली पट्टी सरळ करणे रिव्हेट काढण्यापेक्षा कितीतरी किचकट असते. दांडा हलतच नसेल, तर तो छिद्रात फुगून घट्ट झाला आहे असे समजावे. जोर वाढवू नये. बरेच बारीक ड्रिल दांड्याच्या मध्यातून खोलवर नेले की त्याची भिंत सैल पडते आणि तो हलक्या ठोक्याने निघतो.

आता आपल्या लंबगोल छिद्राविषयी. दांडा ठोकताना फुगून छिद्र भरतो, त्यामुळे अगदी किरकोळ वाढ तो सामावून घेतो, २.४ मिलिमीटरच्या रिव्हेटसाठी मुळातच सुमारे २.५ मिलिमीटरचे छिद्र पाडलेले असते. त्यापलीकडे गेले असेल, तर छिद्र पुढच्या मापापर्यंत, म्हणजे सुमारे ३.२६ मिलिमीटरपर्यंत, रीमरने गोल करून एक अष्टमांशाचा रिव्हेट घालावा. पृष्ठभागाशी सपाट बसणाऱ्या रिव्हेटच्या बाबतीत मोठ्या दांड्याला मोठे डोके येते आणि ते आधीच्या डिंपलमध्ये, म्हणजे डोक्यासाठी पत्र्यात दाबलेल्या खळग्यात, मावत नाही. त्यासाठी ‘एनएएस १०९७’ मालिकेतला रिव्हेट मिळतो, ज्याचा दांडा जाड पण डोके लहान असते. बांधणाऱ्यांच्या बोलण्यात त्याला ‘ऊप्स रिव्हेट’ म्हणतात. डोके लहान असल्याने ओढ सहन करण्याची त्याची ताकद कमी असते, म्हणून तो एखाद-दुसऱ्या चुकीसाठी वापरावा, सबंध ओळीसाठी नाही.

प्रश्न : गोल डोक्यांवर चंद्रकोरीसारखे व्रण उमटले आहेत. ते धोकादायक आहेत का?

उत्तर : व्रण फक्त डोक्यावर आणि उथळ असेल, तर नाही, तो बारीक पोलिश पेपरने गुळगुळीत करून प्रायमर लावावा. तीच कोर डोक्याशेजारच्या पत्र्यात रुतली असेल, तर प्रश्न गंभीर आहे, कारण पत्र्यातली तीक्ष्ण खाच पुढे थकव्याने पडणाऱ्या चिरेचे मूळ ठरू शकते. नखाला जाणवणारी खाच किती खोल आहे ते मोजून पुस्तिकेतील मर्यादेशी ताडावे. पुढील रिव्हेटसाठी रिव्हेट ठोकण्याच्या गनच्या सेटवर (डोक्यावर टेकणाऱ्या टोकावर) टेपचा एक थर लावावा, सेट डोक्याच्या मापाचाच घ्यावा आणि ट्रिगर दाबण्यापूर्वी सेट काटकोनात टेकलेला आहे याची खात्री करावी. जिथे हातदाबाचा स्क्वीझर पोचतो तिथे गन वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मुख्य स्पारच्या (पंखाचा भार पेलणाऱ्या लांब कण्याच्या) पट्टीत एक छिद्र चुकून कडेच्या फार जवळ पडले. वरून एक जोडपट्टी बसवून दोन जास्तीचे रिव्हेट ठोकले तर चालेल का?

उत्तर : स्वतःच्या अंदाजाने मुळीच नाही. छिद्राच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट, आणि सपाट बसणाऱ्या रिव्हेटसाठी त्याहून थोडे जास्त, सामान्यतः अडीचपट, धरतात. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटसाठी ते निदान ६.४ मिलिमीटर होते. अंतर कमी पडले, तर मोठा रिव्हेट घालून चूक झाकता येत नाही, उलट कड आणखी जवळ येते. जोडपट्टीने भार कोणत्या ओळीतून कुठे जातो तेच बदलते, आणि ते गणित आराखडा करणाऱ्यालाच मांडता येते. जपान एअर लाइन्सच्या उड्डाण १२३ चा अपघात याच जातीच्या चुकीतून झाला. १९७८ मध्ये त्या बोइंग ७४७ ची शेपटी धावपट्टीला घासली होती आणि मागील दाबभिंतीची, म्हणजे प्रवासी कक्षातला हवेचा दाब अडवणाऱ्या भिंतीची, दुरुस्ती करण्यात आली. परंतु एकसंध जोडपट्टीऐवजी ती दोन तुकड्यांत बसवली गेल्याने, जो भार रिव्हेटच्या दोन ओळींनी घ्यायचा तो एका भागात एकाच ओळीवर आला. तो सांधा सात वर्षे टिकला आणि १२ ऑगस्ट १९८५ रोजी भिंत फाटून ५२० जणांचा मृत्यू झाला. बाहेरून पाहणाऱ्याला ती दुरुस्ती पूर्ण झालेलीच दिसत होती.

किटच्या उत्पादकाला किंवा आराखडाकाराला पत्र लिहावे. त्यात आराखड्यातील भागाचा क्रमांक, छिद्राचा व्यास, कडेपासूनचे आणि शेजारच्या छिद्रापासूनचे अंतर, पट्टीची जाडी ही माहिती द्यावी आणि मोजपट्टी मागे धरून काढलेले स्पष्ट छायाचित्र जोडावे. बहुधा उत्तर दोन प्रकारचे येते : छिद्र तसेच सोडून ठराविक जागी नवे पाडा, किंवा स्पारची पट्टी बदला. दुसरे उत्तर खर्चाचे आणि मन खचवणारे असते, तरी ते आले तर मानावेच. तोवर त्या छिद्रात काहीही ठोकू नये, शेजारची छिद्रे क्लेकोने (पत्रे तात्पुरते जुळवून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिनेने) धरून ठेवावीत आणि त्या बाजूचा पत्रा बंद करू नये.