बोटीवरचे मुदत संपलेले डिस्ट्रेस फ्लेअर (संकटात मदतीची खूण म्हणून पेटवायच्या नळकांड्या) कोल्हापुरात घरी पडून आहेत. त्यांचं काय करायचं? दिवाळीत उडवले तर चालतील का?

दिवाळीचा विचार डोक्यातून काढून टाका. बादलीत भिजत घालायचाही. जळायला लागणारा ऑक्सिजन त्यांच्या मसाल्यातच असतो. जहाजावरचा हँड फ्लेअर, म्हणजे हातात धरायचा, पेटवून 10 सेकंद 10 सेंटिमीटर पाण्याखाली धरला तरी जळत राहिला पाहिजे, अशी त्याची चाचणीच असते.

मी मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर होतो. लाइफबोटी, राफ्ट, फ्लेअर हे सगळं थर्ड ऑफिसरच्या गळ्यात असतं, त्यामुळे या विषयात मला कुणी शिकवायला लागलं की डोकं फिरतं. आमच्या दाजींनी नेमकं तेच केलं.

दाजी पेठेतले, फुटबॉलचे कट्टर. मालवणच्या ट्रॉलरवाल्या मित्राकडून त्यांनी जुने फ्लेअर आणले, तेही भर उन्हात, जीपच्या डॅशबोर्डवर टाकून, गगनबावड्याच्या घाटातून. शाहू स्टेडियमवर फायनल मारली की मिरवणुकीत उडवायचे, असा बेत. तोवर मुक्काम स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, बरोबर खाली गॅसची टाकी. मी स्टुलावर चढून बघितलं तर एका पॅराशूट रॉकेटच्या बुडाचं टोपण सैल, ओढायची दोरी बाहेर लोंबतेय, आणि टोपणाच्या आट्यांत पांढरी भुकटी साठलेली.

"तारीख गेली म्हंजे मेलंय ते, पाव्हणं," दाजी म्हणाले. "आणि एक्सपायरी हा कंपन्यांचा धंदा असतोय."

मेलेलं नसतं हो. साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्यानंतर ते पेटेल का, कधी पेटेल आणि कुठल्या दिशेला जाईल, याची हमी संपते, एवढंच. चांगलं रॉकेट निदान 300 मीटर वर जातं. लाल दिवा पॅराशूटला लटकून कमीत कमी 40 सेकंद जळतो आणि सेकंदाला फार तर 5 मीटर खाली येतो. म्हणजे 200 मीटर उतरेपर्यंत खेळ खलास, जमीन अजून 100 मीटर लांब. आता ओल धरलेलं रॉकेट जेमतेम 100 मीटर चढलं, तर? मॅग्नेशियम जळत्या अवस्थेतच खाली येणार, कुणाच्या गंजीवर नाहीतर उसाच्या फडात. आडवं सुटलं तर गर्दीतच.

हा हिशेब मी दाजींना कागदावर मांडून दाखवला. त्यावर, "इथं कुठं समुद्र आहे? कोण येतंय वाचवायला?" समुद्रावर संकट नसताना लाल फ्लेअर पेटवायला आंतरराष्ट्रीय नियमांनीच बंदी आहे, ते राहू दे. समुद्र नसला म्हणून स्फोटकाची फुलबाजी होत नाही. मी सरळ पोलिस ठाण्यात फोन लावला. बॉम्ब शोधक-नाशक पथक आलं, निम्मी गल्ली गोळा झाली, माल गेला. बहीण आतून बरी हसत होती. दाजी मात्र आजही चारचौघांत म्हणतात, पाव्हण्यानं पेठेत इज्जत घालवली.

तुमचं म्हणाल तर कचरागाडी, पंचगंगा, पडकी विहीर, काही नको. मूळ डब्यात, कोरड्या थंड जागी, पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. ज्याच्याकडून घेतले त्या दुकानदाराला किंवा किनाऱ्यावर लाइफराफ्टचं सर्व्हिसिंग करणाऱ्यांना आधी फोन करा आणि परत घेता का विचारा. पिशवीत घालून एसटीत चढू नका, एसटीत स्फोटक वस्तू चालत नाहीत. टोपण सैल, गंज, फुगवटा, भुकटी असं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

सगळेच दुकानदार परत घेतात असं नाही, म्हणून नवीन घेतानाच जुन्याचं बोलून ठेवावं. आणि वरचे आकडे जहाजावरच्या सोलास दर्जाच्या मालाचे आहेत (सोलास म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार). लहान बोटींवर हलका मालही असतो, तुमच्या नळकांडीवरचं लेबल वाचा.

दाजींचं म्हणाल तर त्या वर्षी त्यांची तालीम, म्हणजे त्यांचा फुटबॉल संघ, फायनलला पोचलीच नाही. तरी राग माझ्यावरच.