मे अखेरचं सेंट पीटर्सबर्ग

प्रश्न : मेच्या शेवटच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन सेंट पीटर्सबर्गला जात आहोत. रात्री उजेड असतो म्हणतात, ते खरं का? हॉटेल, कपडे, पैसे यांचं काय करावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अगदी खरं. त्या दिवसांत सूर्य रात्री दहाच्या आसपास मावळतो आणि पहाटे चारच्या आधी उगवतो. मधे आभाळ पुरतं काळं होतच नाही. ज्येष्ठांची झोप हमखास उडते, डोळ्यांवर बांधायची पट्टी न्याच.

हॉटेल ठरवताना खरी मेख पुलांची. जहाजांना वाट द्यायला नेवा नदीवरचे पूल रात्री उचलतात. पॅलेस पूल साधारण सव्वा वाजता. मेट्रो त्याआधीच, बाराच्या सुमारास थांबते. पूल उघडताना बघायला तुम्ही हर्मिटाज संग्रहालयाच्या काठावर उभे आणि हॉटेल पुलापलीकडच्या वासिल्येव्स्की बेटावर, असं झालं तर हॉटेल समोर दिसत असूनही ताटकळावं लागतं. म्हणून मुक्काम हर्मिटाजच्याच काठावरच्या नेव्स्की प्रॉस्पेक्ट या मुख्य रस्त्याजवळच ठेवा.

दुपारी १८-२० अंश असले तरी रात्री पारा दहाच्या खाली जाऊ शकतो आणि नदीकाठचा वारा बोचतो. स्वेटरवर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट हवं.

भारतीय बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड २०२२ पासून रशियात चालत नाहीत. डॉलर किंवा युरो न्या, तेही कोऱ्या नोटांत. फाटक्या, शाईचे डाग पडलेल्या नोटा नाकारल्या जातात.

हर्मिटाज सोमवारी बंद. २७ मे हा शहराचा स्थापनादिन (१७०३), त्यामुळे तेव्हा मध्यवस्तीत गर्दी. शहराबाहेरच्या पीटरहोफ राजवाड्याची कारंजी त्याच्या पुढेमागे बघा.