डिजिटल नागरिकत्व की नागरिकधर्म?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय : 'सुट्टीतल्या मराठी वर्गात आठवी-नववीच्या मुलांना डिजिटल सिटिझनशिप, म्हणजे इंटरनेटवर जबाबदारीने कसं वागावं ते, शिकवायचं आहे. फळ्यावर काय लिहू? अंकीय नागरिकत्व चालेल का?'

ताई, 'अंकीय' नको. अर्थाने बरोबर आहे, पण मुलांना आधी गुणपत्रिका आठवेल. 'डिजिटल' घरातला झालाय, राहू द्या.

मला खटकतं ते 'नागरिकत्व'. नागरिकत्व मिळतं, सोडता येतं, काढूनही घेतलं जातं. तो कायद्याने दिलेला दर्जा आहे. राज्यघटनेत ते दुसऱ्या भागात येतं, अनुच्छेद ५ ते ११. नागरिकाने वागावं कसं, हे त्यात नाही. ती मूलभूत कर्तव्यं अनुच्छेद ५१ क मध्ये, आणि तीही १९७६ साली ४२व्या दुरुस्तीने आलेली. तुम्हाला शिकवायचंय ते हे दुसरं.

म्हणून मी 'डिजिटल नागरिकधर्म' लिहीन. 'धर्म' पाहून कुणी बिचकेल, तर 'शेजारधर्मा'ची आठवण करून द्या. वाड्यात वाढलेल्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही. शेजारच्या काकू आजारी पडल्या की डबा जातो. त्यांच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडून ऐकू आलं तरी आपण ते ओट्यावर बोलत नाही. दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता टाकू नये, हे याच जातीचं.

शिवाय 'नागरिक' आणि 'धर्म' दोन्ही शब्द गुजरातीतही आहेत, म्हणजे वर्गाबाहेरच्या मित्रांनाही शब्द कळेल. बडोद्याला अशी सवय जुनीच. १९३१च्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' या संस्थानी कोशात कारभारातल्या शब्दांचे पर्याय इंग्रजी धरून आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले होते.

एक क्रियापद मात्र वर्गात जपून वापरा : 'ढकलणे'. आपण फॉरवर्डला सर्रास 'ढकललं' म्हणतो. पण दिवस ढकलतात, काम दुसऱ्यावर ढकलतात. त्या शब्दात अंगावरचं झटकून मोकळं होणं आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने वर्गमित्र पायऱ्यांवरून घसरला त्याचा व्हिडिओ चार गटांत पाठवला. विचारलं तर म्हणाला, "मी नाही काढला. मी नुसता ढकलला." मी त्याला तेच वाक्य 'पाठवला' घालून पुन्हा म्हणायला लावलं. "मी पाठवला" एवढं म्हणाला. 'नुसता' त्याच्या तोंडून आपोआप गळला.