कोल्हापुरात पाळणाघर निवडताना जागा मुलासाठी धोक्याची नाही हे कसं ओळखायचं?

ताई, तुम्ही दोन जागा सांगितल्यात. एक शाहूपुरीत बंगल्याच्या तळमजल्यावर, दुसरी कारखान्यांच्या उद्यमनगराच्या कडेला, 'नुकतंच रिनोव्हेशन केलेली'. मुलगी चौदा महिन्यांची, म्हणजे रांगण्या-चालण्याच्या मधली. सीसीटीव्ही, बाईंचा स्वभाव, डब्याची सोय हे तुम्ही बघालच, त्यात मी पडत नाही. ते 'नुकतंच रिनोव्हेशन' वाचलं आणि लिहायला बसलो.

मी उद्यमनगरात आयुष्य काढलंय. आधी साचे करणारा मोल्डर, मग फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, सुपरवायझर. त्या भागाला नावं ठेवायचा हेतू नाही, त्याच्याच जिवावर आमची पोरं शिकली. पण ज्या गाळ्यात आधी कसला धंदा होता हे ठाऊक नाही, तिथं रांगतं मूल ठेवायचं नाही. संपलं. बाई कितीही गोड बोलू देत.

आमच्या नातवाचं सांगतो. सूनबाई बँकेत, मुलगा शिरोली एमआयडीसीत, आमच्या मंडळींचे गुडघे गेलेले. पोराला दिवसभर बघायचं कुणी? तेव्हा व्याही म्हणाले, माझ्याच गाळ्यात एका बाईंनी पाळणाघर काढलंय, घरच्यासारखं आहे, टाका तिथं. बाई खरोखरच चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल माझा एक शब्द वाकडा नाही. भिंतीवर कार्टूनं रंगवलेली, खाली रंगीत फोमच्या मॅट, खिडकीला जाळी. सूनबाई खूश.

पोराला सोडायला मी गेलो आणि सवयीनं आधी मीटर बघितला. थ्री फेज, मोठ्या यंत्रांना लागते ती. पाळणाघराला थ्री फेज कशाला हवी ओ? मग आत मोरीकडं गेलो. पुढच्या खोलीत नवीन टाइल्स होत्या, पण मागं जुनी शहाबादी तशीच होती. तिच्या कडा खाल्लेल्या, पांढुरक्या, हाताला खरखरीत. पायाखाली झिजलेली शहाबादी गुळगुळीत होते. ॲसिड सांडलं की ती अशी होते. सांध्यांमधे करडा चुरा बसला होता. किल्लीनं उकरलं तर ज्वारीच्या दाण्याएवढा मणी निघाला. नख दाबलं, खाच पडली. लाइटबिलाच्या पाठीवर घासला, करडी रेघ उमटली. शिसं! आणि तिथनं दोन हातांवर एक पोरगी बसून फरशीवर पडलेला मुरमुरा उचलून खात होती.

समोरच्या पानपट्टीवाल्यानं सगळं सांगितलं. तिथं बरीच वर्षं बॅटरीचं दुकान होतं. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, प्लेटा काढायच्या, कढईत शिसं वितळवून नवे पोल ओतायचे, उरलेलं ॲसिड मागच्या नालीत सोडायचं. तेव्हा असंच चालायचं, त्या दुकानदाराला तरी काय बोलणार. पण भाडं घेणारे आमचे व्याहीच होते, त्यांना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन तो मणी टीपॉयवर ठेवला. ते म्हणाले, "अहो, आत्ताच दोन हात रंग मारलाय, टाइल्स घातल्यात, आता काय राहिलंय?" म्हटलं, शिसं कुजत नाही, वासाला येत नाही, ऊन-पावसानं विरत नाही. फरशीच्या सांध्यात, मागच्या मातीत, चौकटीच्या फटीत आहे तसं बसून राहतं. कोरडा झाडू मारला की धूळ होऊन उठतं आणि परत खाली बसतं. खाली पोरं असतात. मग त्यांनी हुकमी एक्का काढला, "आपण काय कमी धुरात वाढलो? आपल्याला काय झालं?"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आपल्याला काय झालं हे कुणी मोजलंच नाही. आमच्या खात्यातले फेटलिंगवाले, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणारे, पन्नाशीतच जिना चढताना धापा टाकायचे. ती वाळूतल्या सिलिकाची धूळ होती, आम्ही म्हणायचो विड्या ओढतोय म्हणून. आणि आपण कामाला लागलो तेव्हा मिसरूड फुटलेलं होतं. खाल्लेलं शिसं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. त्याचा मेंदू अजून घडत असतो. ताप येत नाही, पुरळ येत नाही, काही दिसत नाही. शाळेत गेल्यावर कळतं की पोराचं लक्ष लागत नाही, आणि तेव्हा आपण मोबाईलला दोष देतो. अमुक इतकं शिसं चालतं अशी सुरक्षित पातळीच नाही.

मी त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या एका पाळणाघराची माहिती प्रिंट काढून नेली होती. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनव्हिलमधे थर्मामीटरचा कारखाना बंद पडला आणि २००४ साली त्याच इमारतीत पाळणाघर उघडलं. वरून छान, आत पारा. २००६ साली हवेत पारा सापडल्यावर ते बंद केलं. तपासलेल्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलांच्या अंगात पारा जास्त निघाला. पुढच्याच वर्षी त्या राज्यानं कायदा केला, पाळणाघराला परवाना द्यायच्या आधी जागेची तपासणी करायची. तिथल्या सरकारी खात्याचे प्रश्न साधेच आहेत. आधी इथं काय होतं, शेजारी काय चालतं, जमिनीतच मुळात काही वाईट आहे का, आणि प्यायचं पाणी कुठलं. व्याह्यांनी कागद न वाचताच बाजूला सारला. म्हणाले, ते अमेरिकेचं, इथं कुठं आलाय पारा! गुजरीत, सराफांच्या पेठेत, झारेकरी झाडलोटीच्या मातीतनं चांदी पाऱ्यानंच काढायचे, हे त्यांना मी सांगायला पाहिजे होतं का?

सूनबाई मधे सापडली. एकीकडं बाप, एकीकडं सासरा. तिनं शेवटी दोघांनाही गप्प केलं, म्हणाली, "तुम्ही भांडत बसा, मी रजा टाकते." पोराचं रक्त शिशासाठी तपासलं. डॉक्टर म्हणाले, काळजी करण्यासारखं नाही, पण त्या जागेत परत ठेवू नका. व्याह्यांनी त्यातलं पहिलं अर्धं वाक्य उचललं आणि आजतागायत बारशाला, लग्नाला, जिथं भेटतील तिथं तेच ऐकवतात, "रिपोर्ट नॉर्मल होता की!" अहो, पोरगं तिथं मोजकेच दिवस होतं म्हणून नॉर्मल आला. रिपोर्ट पोराचा होता, गाळ्याचा नव्हता.

आता तुमचं. कागदांवर फार भिस्त ठेवू नका. प्रॉपर्टी कार्डावर मालक कळतो, धंदा कळत नाही. घरफाळ्याच्या पावतीवर निवासी की व्यावसायिक एवढं दिसेल. त्यापेक्षा जुनं लाइटबिल मागा, औद्योगिक कनेक्शन असेल तर तिथंच थांबून विचारा. शेजारच्या चहावाल्याला, पानपट्टीवाल्याला, गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, मालकाला सगळ्यात शेवटी. बॅटरी, प्लेटिंग, चांदीची आटणी, रंगाचं गोडाऊन, औषध फवारणीच्या मालाचं दुकान, गॅरेज, यातलं काही निघालं तर नको म्हणा. मागच्या अंगणात माती काळी, तेलकट किंवा भरावाची दिसली तर भराव कुठला ते विचारा. आमच्या फौंड्रीतल्या साच्यांची जळकी वाळू कुठंकुठं भरावाला गेलीय हे मला चांगलं ठाऊक आहे. एका ठिकाणी तर पोरांना खेळायला वाळूचा खड्डा केला होता, त्यात तीच. काळी वाळू, हाताला बारीक, वर लोखंडाचे गोळे. मी हात लावल्या लावल्या ओळखली.

लोक पाळणाघर बघायला जातात आणि गच्चीवर मोबाईलचा टॉवर आहे का बघतात. मान वर करायची ती करा, पण आधी खाली बघा. मूल खाली असतं.

शेजाराचंही बघा. भिंतीला भिंत लागून पॉलिशिंग किंवा स्प्रे पेंटिंग चालत असेल तर तुमच्या बाजूला कितीही स्वच्छ असो, काही उपयोग नाही. दुपारी अडीच-तीनला जाऊन उभं राहा, तेव्हा सगळी यंत्रं चालू असतात. सुट्टीच्या दिवशी बघायला गेलात तर उद्यमनगरसुद्धा महाबळेश्वर वाटतं.

पाणी टाकीत कुठनं येतं ते विचारा. बोअरचं असेल तर प्यायला घरनं द्या. पाणी दिसायला स्वच्छ आहे एवढ्यावर जाऊ नका, इचलकरंजीत २०१२ साली पाण्यातनंच काविळीची साथ आली होती. जुन्या घराचा रंग पोपडे धरत असेल तर तेही नको. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली, त्याच्या आधीचे रंग भिंतींवर, ग्रिलवर, लाकडी पाळण्यांवर आहेतच. कोरडं घासायला लावू नका, त्यानं धूळ जास्त होते.

शाहूपुरीचं म्हणाल तर गल्ली कुठली ते तुम्ही लिहिलं नाही. कुंभार गल्ली किंवा जयंती नाल्याच्या अंगाला असेल तर पुराचं आधी विचारा. नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलती. २०२१ ला परत तेच. तळमजल्यात पाणी चढलं असेल तर ते नुसतं नदीचं नसतं, नाल्याचं घाण पाणीही त्यात असतं, गाळ भिंतीत मुरतो आणि पुढं बुरशी धरते. शेजाऱ्यांना विचारा, भिंतीवर हात ठेवून दाखवतात पाणी कुठवर आलं होतं. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा असते, निळी अधूनमधून येणाऱ्या पुराची, लाल क्वचित येणाऱ्या महापुराची. निळीच्या आत जागा असेल तर पूर आला की पाळणाघर बंद होणार हे धरूनच चला.

आता उद्यमनगरातली प्रत्येक जागा वाईट असंही नाही. ज्या गाळ्यात नुसती ऑफिसं होती, टेलरिंग होतं, तिथं मला काही अडचण दिसत नाही. आणि मी फौंड्रीवाला आहे, डॉक्टर नव्हे. मूल आधीच अशा जागेत राहिलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्ताची तपासणी करून घ्या, माझ्या मण्यावर जाऊ नका. नोकरी मोठ्या ठिकाणी असेल तर हेही बघा की पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं २०१७ पासून बंधनकारक आहे. मागा, लाजू नका. आमच्या सूनबाईनं मागितलं नाही, त्याचं मला अजून वाटतं.

त्या बाईंनी नंतर पाळणाघर राजारामपुरीत हलवलं, आता बरं चाललंय. गाळा रिकामा आहे. व्याही मोबाईलवर हे असलं सगळं वाचत असतात, म्हणून इथंच लिहितो. परत पाळणाघराला देणार असाल तर मागची माती चांगली खोल काढून टाका, फरशी उखडा, नाली बुजवा, आणि ते काम करणाऱ्या गड्यांना मास्क द्या. नसेल जमत तर गोडाऊनला द्या, भाडं तेवढंच येतं.