डबी उलटी करून बघा

या वेळी स्किन आणि मेकअपचे प्रश्न इतके आले की संपादकबाई म्हणाल्या दोन पानं घ्या, तरी अर्धे उरलेच. बहुतेकांचं म्हणणं एकच, ताई स्वस्तातलं सांगा पण खरंच काम करणारं सांगा. आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही, इंदूरच्या रामबागेत एकवीस वर्षं पार्लर चालवलं म्हणून चेहरेही खूप पाहिले आणि डब्याही, आणि डबीच्या पुढच्या बाजूला काय छापलंय ते वाचणं मी कधीच सोडून दिलंय. मागची बाजू वाचते, चष्मा लावून.

प्रश्न : ताई, मी २० वर्षांची आहे, बी.कॉम. करतेय. स्किन तेलकट, कपाळावर आणि हनुवटीवर पिंपल्स. रील्स बघून बघून तीन सीरम, एक टोनर, चारकोल मास्क आणि लिंबूवालं फेसवॉश घेतलं, साडेतीन हजार गेले आणि पिंपल्स तिथल्या तिथेच. आता आई म्हणते एक रुपया मिळणार नाही, रडून रडून महिन्याला पाचशेवर आणलंय. पाचशेत काय होईल?
– तेलकट, तिलक नगर

उत्तर : अगं, आईचं काही चुकलं नाही! सहा वस्तू एकदम थापल्या की कशाने फायदा झाला तेही कळत नाही आणि कशाने आग होतेय तेही नाही. लिंबू आणि चारकोल आजपासून बंद. सीरमांपैकी नायसिनमाइडचं एखादं असेल तर ते ठेव, पाच टक्के असलं तरी पुरतं, दहा-पंधराचा आकडा बघून हुरळून जायचं कारण नाही. बाकीची मैत्रिणीला दे किंवा कपाटात ठेव.

साधा, बिनवासाचा, फेस कमी येणारा फेसवॉश घे आणि दिवसातून दोनदाच वापर, तेल दिसलं की तिसऱ्यांदा धुवायला धावू नकोस. अंगाचा साबण तोंडाला नको, साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) नऊ-दहाच्या घरात आणि कातडीचा पाचच्या आसपास, त्यात आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवस आड, मधल्या दिवशी बोअरचं, त्या जड पाण्यात साबणाचा चिकट पांढरा थर बादलीला बसतो ना, तसाच तोंडावर पण राहतो.

मॉइश्चरायझर तेलकट स्किनलाही लागतं, फक्त जेलसारखं हलकं घ्यायचं. आणि इथेच पैसे वाचतात बघ. आता पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरांत दर ग्रॅमचा किंवा दर मिलीचा भाव छापलेला असतो, तो कुणी वाचतच नाही. माझ्याच कपाटातलं सांगते, काचेची सुंदर ५० ग्रॅमची बरणी २९९ ची, म्हणजे ग्रॅमला जवळजवळ सहा रुपये, आणि शेजारी पंपाची ३०० मिलीची साधी बाटली ३९० ची, म्हणजे मिलीला एक रुपया तीस पैसे. दोन्ही उलट्या करून वाचल्या तर पहिली चार-पाच नावं जवळपास तीच, पाणी, ग्लिसरीन आणि पुढचं सगळं. जे जास्त घातलंय ते यादीत आधी लिहितात, तेव्हा पुढे एवढं मोठं केशर छापलंय आणि मागे केशराचं नाव सुगंधाच्याही नंतर आलंय, तर ते केशर फोटोपुरतंच समज. ती बरणी मला भेट आली होती हो, मी नाही घेतली.

आता पिंपल्सवर औषध. केमिस्टकडे बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल मिळतं, अडीच टक्क्यांचं माग, दहाचं नको, काम जवळपास तेवढंच करतं आणि जळजळ मात्र जास्त. रात्री, सुरुवातीला एक दिवस आड, मटारच्या दाण्याएवढं घेऊन जिथे पिंपल्स येतात त्या सगळ्या भागावर पातळ लावायचं. आणि एक, हे जेल कपड्याचा रंग उडवतं, माझ्या भाचीने माझ्या नव्या मरून अभ्र्यावर झोपून नारिंगी नकाशा काढून ठेवलाय, तेव्हा जुना पांढरा टॉवेल आणि जुनाच अभ्रा. सहा ते आठ आठवडे दम धर, आठ दिवसांत काही होत नसतं. मोठ्या दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडत असतील तर मात्र हे सगळं सोड आणि एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या स्किनच्या ओपीडीत दाखव, तीन सीरमांच्या पैशांत तिथे किती वेळा जाऊन येशील त्याचा हिशोब कर.

प्रश्न : माझं वय ४६. दोन्ही गालांवर वांग आहेत. ओळखीच्या केमिस्टने एक ट्यूब दिली, आठ दिवसांत चेहरा असा उजळला की जावेने पण मागून घेतली. वर्षभर लावतेय. आता एक दिवस नाही लावली की चेहरा लाल होतो, खाज सुटते, आणि गालांवर बारीक लाल रेषा दिसायला लागल्यात. ट्यूब बदलू का?
– सुदामा नगरहून एक गृहिणी

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी ते बाजूला ठेवलं, चहा केला आणि परत वाचलं. अशा ट्यूबा मी पार्लरमध्ये किती बायकांच्या पर्समध्ये पाहिल्यात ते सांगू शकत नाही. ट्यूब उलटी करा आणि मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव दिसतंय का ते बघा. दिसलं तर ती क्रीम नाही, स्टेरॉइडचं औषध आहे. बहुतेक वेळा सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन पण असतं. हे मिश्रण डॉक्टर लोक वांगासाठी देतात, नाही असं नाही, पण थोडे आठवडे, नजरेखाली, आणि मग बंद. वर्षभर पावडर-कुंकवासारखं लावायची ती वस्तूच नव्हे.

स्टेरॉइडने आधी सूज-लाली दबते, रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चेहरा गोरा वाटतो, त्याच आठ दिवसांच्या उजळण्यावर ही ट्यूब खपते. पुढे कातडी पातळ होते, खालच्या शिरा दिसायला लागतात (त्याच तुमच्या लाल रेषा), पुरळ येतं, कुणाकुणाला गालावर लव वाढते, आणि थांबवलं की भडका. मग बाई घाबरून परत लावते. २०१८ साली सरकारने अशा चौदा स्टेरॉइडांच्या मलमांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, ट्यूबवर लाल चौकटीत तसं छापलेलं पण असतं. तरी काउंटरवरून मिळतात, तुम्हाला मिळालीच की.

तेव्हा ट्यूब बदलू नका, आणि मनाने एकदम बंदही करू नका. तीच ट्यूब पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि किती महिने लावली ते खरं खरं सांगा, लाजू नका, त्यांना हे रोज दिसतं. जावेला पण घेऊन जा.

वांगाबद्दल म्हणाल तर पैसा कुठे घालायचा असेल तर सनस्क्रीनमध्ये घाला, आणि त्यातही रंग असलेलं, टिंटेड, ज्यात आयर्न ऑक्साइड लिहिलेलं असतं. वांगाला नुसतं ऊनच नाही तर डोळ्यांना दिसणारा उजेडही चालत नाही आणि साधं सनस्क्रीन तो नीट अडवत नाही. फक्त आत्ता चेहरा भडकलेला आहे तर हे पण डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.

प्रश्न : डिसेंबरमध्ये धाकट्या बहिणीचं लग्न आहे. माझा रंग गव्हाळ. कुठलंही फाउंडेशन लावलं की अर्ध्या तासाने चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळी, फोटोत तर भूत. महागडं घेऊन पाहिलं, तेच. पार्लरवाली पाच हजार मागतेय. घरी होईल का?
– करवली, लोकमान्य नगर

उत्तर : होईल, का नाही होणार, पण आधी दुकानात मनगटावर शेड बघायची सोड. मनगटाचा रंग चेहऱ्याशी जुळतच नाही. राजवाड्याजवळच्या दुकानांत ते पांढरे एलईडी असतात, त्यांच्याखाली सगळ्यांनाच सगळं शोभतं. मी काय करायचे सांगू? जबड्याच्या हाडावर तीन शेडच्या तीन उभ्या रेघा ओढायच्या आणि मुलीला बाहेर पायरीवर नेऊन उजेडात उभं करायचं, दुकानदार ओरडायचा "दीदी, अंदर ही देख लो ना", आपण ऐकायचं नाही. मग समोर जाऊन एक शिकंजी पिऊन यायचं, कारण हवा आणि तेल लागून फाउंडेशनचा रंग पंधरा-वीस मिनिटांत बदलतो. त्यानंतर जी रेघ दिसेनाशी झाली ती तुझी.

राखाडी होतं कारण तू एक शेड उजळ घेतेस, किंवा गुलाबी झाकेचं घेतेस. आपल्यातल्या बहुतेकींच्या कातडीत पिवळसर झाक असते, तेव्हा "वॉर्म" किंवा "गोल्डन" लिहिलेलं आधी लावून बघ. महाग-स्वस्ताचा इथे संबंध नाही, शेड चुकली की तीन हजाराचंही राखाडीच होणार. घरात आहे ते टाकू नकोस, त्यात थोडं गडद पिवळसर मिसळून बघ. डोळ्यांखाली काळं असेल तर आधी नारिंगी करेक्टर अगदी पातळ, करेक्टर नसेल तर नारिंगी लिपस्टिकचा एक ठिपका बोटाने पसरव, वरून फाउंडेशन. फोटोतलं भूत हे बहुतेक त्या सिलिकाच्या पांढऱ्या पावडरचं काम, फ्लॅश पडला की ती चकाकते, लग्नाच्या दिवशी ती नको.

फाउंडेशनवर खर्च कर, बाकीवर हात आखड. काजळ साधं चालतं, मस्कारा तर स्वस्तच घ्यावा कारण उघडल्यापासून तीन-चार महिन्यांत तो टाकायचाच असतो, जंतू होतात. लिपस्टिकच गालाला लाव, ब्लश वेगळं कशाला. प्रायमर नाही घेतलंस तरी लग्न लागेल. फक्त आठ दिवस आधी एकदा पूर्ण मेकअप करून चार तास घरात वावर, पोळ्या लाट, म्हणजे कुठे फुटतो ते कळेल.

प्रश्न : मी मुलगा आहे, छापाल ना? दिवसभर बाइकवर असतो, डिलिव्हरीचं काम. चेहरा आणि हात एकदम काळे पडलेत. सनस्क्रीन लावलं तर घामाने डोळ्यांत जातं आणि चुरचुरतं. एसपीएफ १०० घेऊ का?
– विजय नगर

उत्तर : छापलं बघ! आणि असे प्रश्न मुलांनी जास्त विचारावेत. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (उन्हातली कातडी भाजणारी किरणं) अडवतं आणि ५० अडवतं ९८, त्यावर आकडा कितीही वाढवला तरी उरलेल्या दोन टक्क्यांतच खेळ, तेव्हा शंभराचे पैसे देऊ नकोस. त्याऐवजी पीए बघ, ते यूव्हीएचं माप असतं, आपला रंग रापतो त्यात मोठा हात यूव्हीएचा, पुढे तीन-चार प्लस असले म्हणजे बरं. चूक होते ती लावण्यात. दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा ओढायच्या, एवढं चेहरा आणि मानेला लागतं, आपण लावतो शेंगदाण्याएवढं. ५० ग्रॅमची ट्यूब तुला सहा महिने पुरत असेल तर तू सनस्क्रीन लावतच नाहीयेस.

डोळ्यांसाठी, भुवयांच्या वर आणि डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडवालं घे, ते चुरचुरत नाही सहसा, थोडं पांढरं दिसेल, दिसू दे. आणि सगळ्यात स्वस्त उपाय तर आपल्या इंदूरच्या मुलींनी कधीच शोधलाय, स्कूटीवर बसल्या की ओढणी अशी गुंडाळतात की आई समोरून गेली तरी ओळखणार नाही. तू पण सुती गमछा आणि पूर्ण बाह्यांचे ते हातमोजे घे, त्यावर हेल्मेट, मग सनस्क्रीन उरलेल्या भागालाच लागेल. दर दोन-तीन तासांनी परत लावायचं असतं हे खरं, तुला ऑर्डरींमध्ये जमेल तेवढं कर, दुपारी एकदा तरी.

प्रश्न : सासूबाई म्हणतात साय-हळद-बेसन लावा, हे सगळे केमिकलचे चोचले. खरं काय?
– नाव नको

उत्तर : साय आणि बेसन बिचारं काही वाईट करत नाही, मळ निघतो, थोडी मऊ होते कातडी, रविवारी सासूबाईंबरोबर बसून लावा, संबंधही मऊ होतील. पण उन्हापासून ते वाचवत नाही आणि पिंपल्स असतील तर साय नको. त्यांना हेही सांगा की पाणी पण केमिकलच असतं. (नका सांगू, घरात राहायचंय.)

प्रश्न : मोठ्या परदेशी कंपनीची लिपस्टिक बाजारात दीडशेला मिळाली, दुकानाच्या साइटवर दोन हजाराची आहे. घ्यावी का? सोबत एक विनानावाची गोरं करणारी क्रीम फुकट देतोय.
– चोखंदळ, स्नेहलता गंज

उत्तर : नाही, आणि नाही. इम्पोर्टेड मालावर भारतात आणणाऱ्याचं नाव-पत्ता आणि रजिस्ट्रेशनचा नंबर छापलेला असावा लागतो, इथल्या मालावर बनवणाऱ्याचा परवाना नंबर, बॅच आणि कधीपर्यंत वापरायचं ते. दीडशेवालीवर यातलं काय आहे ते बघा, बहुतेक स्पेलिंगच चुकलेलं निघेल. त्या पैशांत आपल्याकडच्या साध्या कंपनीची खरी लिपस्टिक येते आणि ओठावर बरीही दिसते. फुकटच्या क्रीमला तर हातच लावू नका. गोरं करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये पारा निघतो, किडनीवर जातो तो, आणि आपल्याकडे २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे तो मुद्दाम घालता येतच नाही, चुकून आलाच तर दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. दुकानदार म्हणेल "मैडम, ओरिजिनल है, बस डिब्बा नहीं है". तर म्हणायचं, डिब्बा आला की येते.