एकच देव मानणारे धर्मग्रंथ इतर देवांचे अस्तित्व मान्य करतात का?

आपण विचारले आहे की, यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम हे तिन्ही धर्म देव एकच असल्याचे सांगतात, मग ‘माझ्याखेरीज दुसऱ्या देवांना भजू नका’ अशी आज्ञा त्यांच्या परंपरेत का येते आणि जे नाहीतच त्यांच्यावर बंदी घालण्याचे कारण काय. त्याला जोडून आपण असेही विचारले आहे की, त्या ग्रंथांच्या लेखी आपला विठ्ठल किंवा आमच्या सोलापूरचा सिद्धेश्वर कोण ठरतो. मी सोलापुरात बरीच वर्षे इतिहास शिकवला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांनी हाच प्रश्न मला वर्गात विचारलेला आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

या ग्रंथांचे उत्तर एकच नाही, कारण ते एका काळात लिहिले गेलेले नाहीत. हिब्रू बायबलचे जुने भाग इतर देव आहेत असे धरूनच चालतात, नंतरच्या काळातले भाग त्यांना नाकारतात, बायबलच्या ख्रिस्ती भागात, म्हणजे नव्या करारात, दोन्ही सूर ऐकू येतात, आणि कुराण त्यांचे देवपण ठामपणे नाकारते, तरी त्यांच्या पूजेमागे कोणीच नव्हते असे प्रत्येक ठिकाणी म्हणत नाही. वाचताना एक भेद ध्यानात ठेवला तर पुष्कळ गोंधळ टळतो. कोणी आहे की नाही हा एक प्रश्न आहे आणि तो पूजेला पात्र आहे की नाही हा दुसरा. जुन्या ग्रंथकर्त्यांना काळजी होती ती मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाची.

हिब्रू बायबलमधील निर्गम या ग्रंथाच्या २०व्या अध्यायातील पहिली आज्ञाच घ्या. ‘माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत’ या वाक्यात देव किती आहेत याविषयी काहीही सांगितलेले नाही. इस्राएलाने कोणाचे व्हावे, एवढेच सांगितले आहे. त्याआधी १५व्या अध्यायात समुद्र पार केल्यावर मोशे आणि त्याचे लोक जे गीत गातात, त्यात ‘हे परमेश्वरा, देवांमध्ये तुझ्यासारखा कोण आहे?’ असा उद्गार आहे. ज्यांच्याशी तुलना करायची तेच नसतील तर या स्तुतीला अर्थ राहत नाही. बायबलच्याच अनुवाद नावाच्या ग्रंथात (१०:१७) परमेश्वराला देवांचा देव आणि प्रभूंचा प्रभू म्हटले आहे. मराठी वाचकाला ही भाषा परकी वाटू नये. जाखाई, जोखाई, मेसाबाई यांची नावे घेऊन तुकोबा म्हणतात, ‘बळिया माझा पंढरीराव, जो या देवांचाही देव’. तिथेही त्या दैवतांच्या असण्या-नसण्याचा वाद मांडलेला नाही; आपली निष्ठा कोणाच्या पायाशी आहे ते सांगितले आहे.

ही निष्ठेची भाषा होशेय या संदेष्ट्याच्या ग्रंथात सर्वांत तीव्र आहे. इ.स.पू. आठव्या शतकातील हा संदेष्टा इस्राएलाला पतीला सोडून गेलेल्या पत्नीच्या रूपात पाहतो. बआल या कनानी देवाची पूजा म्हणजे त्याच्या मते व्यभिचार. सोलापूरकराला येथे बसवेश्वरांचे वचन आठवल्यावाचून राहत नाही. देव एक, नावे पुष्कळ, पतिव्रतेला पती एकच, असे ते वचन सांगते आणि अनेक दैवतांचे उष्टे खाणाऱ्यांना कठोर शब्दांत फटकारते. ज्या सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केल्याचे आपण मानतो, ते याच बाराव्या शतकातील शरणांच्या परंपरेतले. होशेय आणि बसवण्णा यांच्यामध्ये सुमारे दोन हजार वर्षे आणि हजारो मैल आहेत, त्यामुळे एकाने दुसऱ्याकडून काही घेतले असे म्हणता येत नाही. एकाच देवावर सर्वस्व ओवाळणाऱ्या माणसाला पातिव्रत्याचीच उपमा सुचावी, हे मात्र मला फार अर्थपूर्ण वाटते. पत्नीने एकाच पतीशी एकनिष्ठ राहावे असे म्हणताना जगात दुसरे पुरुष नाहीत असा कोणाचाही दावा नसतो.

बायबलच्या जुन्या कथांत तर प्रत्येक देशाला आपापला देव आहे, हे वास्तव म्हणूनच येते. शास्ते या ग्रंथात (११:२४) इस्राएलाचा सरदार इफ्ताह शत्रुराजाला निरोप पाठवतो की, तुझा देव कमोश तुला जे देईल ते तू घे, आमचा परमेश्वर आम्हांला देईल ते आम्ही घेऊ. (कमोश हा खरे तर शेजारच्या मवाब देशाचा देव आणि निरोप आहे अम्मोनी या दुसऱ्या शेजाऱ्यांच्या राजाला; ही विसंगती अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिली आहे.) पहिल्या शमुवेलाच्या २६व्या अध्यायात दावीद तक्रार करतो की, मला परमेश्वराच्या वतनातून हाकलून देणे म्हणजे ‘जा, दुसऱ्या देवांची सेवा कर’ असे सांगणेच होय. अरामाचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर इस्राएलाची दोन खेचरांवर लादता येईल एवढी माती मागतो, कारण परमेश्वराची उपासना त्याच्याच भूमीवर व्हावी असे त्याला वाटते. विशेष म्हणजे हाच नामान त्याच प्रसंगी ‘इस्राएलाखेरीज पृथ्वीवर कोठेही देव नाही’ असेही म्हणतो. जुनी समजूत आणि नवी समजूत एकाच माणसाच्या तोंडी, एकाच अध्यायात!

सर्वांत चकित करणारी कथा दुसऱ्या राजांच्या तिसऱ्या अध्यायात आहे. मवाबाचा राजा मेशा वेढ्यात सापडतो, तटावर आपल्या ज्येष्ठ पुत्राचा बळी देतो, इस्राएलावर मोठा कोप होतो आणि इस्राएलाचे सैन्य परत फिरते. तो कोप कोणाचा, हे ग्रंथ सांगत नाही. याच मेशाचा शिलालेख १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे सापडला आणि तो आता पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. त्यात मेशा म्हणतो की, कमोश आपल्या भूमीवर रागावला होता, म्हणून इस्राएलाच्या राजाने मवाबाला जाचले. देवाचे नाव बदलले तर हे वाक्य बायबलमधील एखाद्या संदेष्ट्याचे वाटेल.

स्तोत्रसंहितेतील ८२वे स्तोत्र मी विद्यार्थ्यांना नेहमी संपूर्ण वाचायला सांगत असे. ते अवघे आठ ओव्यांचे आहे. देव देवांच्या सभेत उभा राहतो आणि त्या देवांवरच आरोप ठेवतो: तुम्ही दुर्जनांची बाजू किती काळ घेणार? दुबळ्यांना आणि अनाथांना न्याय द्या, कंगालांना सोडवा. ते ऐकत नाहीत, तेव्हा निकाल येतो की, तुम्ही देव आहात, परात्पराचे पुत्र आहात असे मी म्हणालो होतो, पण तुम्ही मनुष्यांसारखे मराल. या स्तोत्रात देवांचे अस्तित्व नाकारलेले नाही. गरिबांना न्याय दिला नाही म्हणून त्यांचे देवपण काढून घेतले आहे. देव कोण हे ठरवण्याची कसोटी सामर्थ्य नसून न्याय आहे, एवढे मोठे विधान इतक्या थोड्या शब्दांत मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहे. पुढील यहुदी भाष्यकारांपैकी अनेकांनी या ‘देवांचा’ अर्थ न्यायाधीश असा लावला आणि श्रद्धावंत वाचक आजही तो अर्थ घेतात. तो अर्थ आदराने समजून घ्यावा, परंतु ‘मनुष्यांसारखे मराल’ ही धमकी मुळात मनुष्य असलेल्यांना कशी लागू पडेल, हा प्रश्न मागे उरतोच.

अनुवाद ३२:८ चा पाठभेदही असाच बोलका आहे. प्रचलित हिब्रू पाठात परात्पराने राष्ट्रांच्या सीमा इस्राएलपुत्रांच्या संख्येप्रमाणे आखल्या असे आहे. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत सापडलेल्या एका प्रतीत मात्र तेथे देवपुत्र असा पाठ आहे. म्हणजे राष्ट्रे देवपुत्रांत वाटली गेली आणि इस्राएल परमेश्वराच्या वाट्याला आला.

मग निखालस नकार कोठे येतो? यशयाच्या ग्रंथात, ४०व्या अध्यायापासून पुढे. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले, लोकांना बंदिवासात नेले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे याचा सरळ अर्थ बाबेलचा देव जिंकला असा होऊ शकत होता. याच लोकांतून असा आवाज उठला की, ‘मीच परमेश्वर आहे, दुसरा कोणी नाही’. पराभूतांनी आपल्या देवाला लहान केले नाही. त्यांनी त्याला साऱ्या जगाचा केला, इतका की, इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेणारा पारसिक सम्राट कोरेश हाही, स्वतः त्या देवाला ओळखत नसताना, त्याचाच अभिषिक्त ठरला. ४४व्या अध्यायात एक सुतार एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याची मूर्ती करून तिच्यापुढे लोटांगण घालतो. ४६व्या अध्यायात बाबेलचे बेल आणि नबो थकलेल्या जनावरांच्या पाठीवर लादलेले दिसतात आणि परमेश्वर म्हणतो की, मी तर तुम्हांला जन्मापासून वाहत आलो. मूर्तिपूजा करणाऱ्या समाजाला हा उपहास अन्यायकारक वाटेल, कारण कोणताही जाणता भक्त लाकडालाच देव समजत नाही, आणि ती हरकत मला रास्त वाटते. तरीही तो उपहास जेत्याने जितांचा केलेला नाही, हे विसरू नये. ‘दुसरा कोणी नाही’ असे शब्द अनुवादाच्या चौथ्या अध्यायातही आहेत. श्रद्धावंत त्यांना मोशेच्या काळचे मानतात, तर पुष्कळ अभ्यासक ते बंदिवासाच्या काळाजवळ नेतात.

नव्या कराराविषयी थोडक्यात पुरे. इ.स. ५५च्या सुमारास करिंथ या ग्रीक शहरातील ख्रिस्ती लोकांनी पौल या धर्मप्रचारकाला विचारले होते की, मूर्तींना वाहिलेले मांस खावे काय. त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो की मूर्ती म्हणजे काहीच नाही. लगेच पुढे म्हणतो की पुष्कळ देव आणि पुष्कळ प्रभू आहेत, पण आपल्याला एकच देव आहे. आणि दहाव्या अध्यायात सांगतो की ते बळी भुतांना दिले जातात. पौलाला येथे तत्त्वज्ञान मांडायचे नव्हते, जेवणाच्या पंगतीतला तंटा मिटवायचा होता, म्हणून तिन्ही विधाने शेजारी शेजारी राहिली.

कुराणाची भूमिका अधिक रेखीव आहे. मक्केतील लोक लात, उज्जा आणि मनात या देवींना भजत होते. ५३व्या सूरहमध्ये (अध्यायात) म्हटले आहे की, ही तर तुम्ही आणि तुमच्या वाडवडिलांनी ठेवलेली नुसती नावे आहेत, अल्लाहने त्यांना कोणताही आधार दिलेला नाही. २१व्या सूरहमध्ये युक्तिवाद येतो की, आकाशांत आणि पृथ्वीवर अल्लाहखेरीज आणखी देव असते तर दोन्हींचा नाश झाला असता. ३९व्या सूरहमध्ये त्या भक्तांचीही बाजू नोंदवली आहे: ‘आम्ही त्यांना भजतो ते केवळ अल्लाहच्या जवळ जाता यावे म्हणून.’ ती कुराण मान्य करत नाही, पण विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नोंदवते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ३४व्या सूरहमध्ये अंतिम न्यायाच्या दिवशी देवदूत सांगतात की, हे लोक आमची नव्हे, तर जिन्नांची (अदृश्य योनीतील जीवांची) पूजा करत होते. म्हणजे पूजेच्या पलीकडे कोणी असू शकते, देव मात्र असू शकत नाही. आणि सहाव्या सूरहच्या १०८व्या आयतीत आज्ञा आहे की, अल्लाहखेरीज ते ज्यांना हाक मारतात त्यांना शिवीगाळ करू नका.

आता आपला दुसरा प्रश्न. या ग्रंथांत बआल, कमोश, अर्तमी, लात, मनात यांची नावे आहेत. पंढरपूरचे किंवा सोलापूरचे नाही. हिब्रू बायबलमध्ये भारताचा उल्लेख एस्तेरच्या पुस्तकात येतो, तोही पारसिक साम्राज्याची सीमा सांगण्यापुरता. त्यामुळे बआलाविषयीचे वचन विठ्ठलाला लावणे हे ग्रंथाचे नसून वाचणाऱ्याचे काम आहे, आणि वाचणाऱ्यांनी ते निरनिराळ्या रीतीने केले आहे. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक मिशनऱ्यांनी आपल्या दैवतांना सरळ त्या जुन्या यादीत बसवले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. मुस्लिम विद्वान अल्-बिरूनीने अकराव्या शतकातच नोंदवले की, हिंदूंतील जाणते लोक एकाच अनादि-अनंत ईश्वराला मानतात. मोगल राजपुत्र दारा शुकोहने १६५७ मध्ये उपनिषदांचे फारसी भाषांतर पूर्ण केले, तेव्हा कुराणात उल्लेखलेला गुप्त ग्रंथ तो हाच, असे त्याचे मत होते. अठराव्या शतकातील दिल्लीचे सूफी मिर्झा मझहर जान-ए-जानाँ यांनी तर लिहिले की, हिंदूंची मूर्तीपुढील उपासना आणि मक्केतील जुन्या अरबांची उपासना एक नव्हे. पुष्कळ उलेमांना (इस्लामी धर्मपंडितांना) हे पटले नाही. मझहर यांनी त्यासाठी आधार मात्र कुराणातीलच घेतला होता: कोणताही समाज असा नाही की ज्यात सावध करणारा येऊन गेला नाही.